शंभर टक्के फीडबॅक, पण कशाचा?
भारतवारी जवळ आली की भाच्यासाठी कॅमेरा नाहीतर लॅपटॉप ईबेवर शोधला जातो. विक्रेत्याचा शंभर टक्के फीडबॅक दिसला की आपण निर्धास्त! तो कशाबद्दल मिळालाय, हे मात्र उघडून बघावं. दोन-दोन डॉलरची मोबाइल कव्हरं विकत घेऊनही तो आकडा वाढवता येतो. वर्षानुवर्षं गप्प असलेलं खातं अचानक निम्म्या भावात महागडा माल काढू लागलं, तर ते हॅक झालेलंही असू शकतं. ‘झेलनं पैसे पाठवा, आणखी स्वस्त देतो’ म्हणाला की तिथंच थांबा. परस्पर दिलेल्या पैशांना ईबेची पैसेपरतीची हमी लागू नाही. आणि खोकं इथंच फोडा हो. माल पोचल्यापासून तक्रारीला साधारण 30 दिवस मिळतात. सीलबंद खोकं बॅगेतून पुण्याला जाऊन उघडेपर्यंत ते सहज उलटतात.