मुदखेडच्या ढगात बर्फ किती?

मुदखेड जंक्शनवर आदिलाबादच्या गाडीची वाट बघताना आभाळ भरून आलं की आपण विचारतो, पडणार का? खरी गोष्ट मात्र वर घडत असते. पावसाळ्यात साधारण पाच किलोमीटरच्या वर तापमान शून्याखाली जातं आणि उंच वादळी ढग पंधरा किलोमीटरपर्यंत चढतो. म्हणजे त्याचा बराचसा भाग बर्फाचा! अशा ढगातून पडणारे कितीतरी थेंब वाटेत वितळलेला बर्फच असतात. न वितळता आला तर काय होतं, ते २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट बघितलेल्या घरच्या माणसांना विचारा.

हा बर्फ मोजणं अवघड. रडारला छोट्या कणाकडून परत येणारा संकेत त्याच्या व्यासाच्या सहाव्या घातावर ठरतो. एक मिलिमीटरचा एकच कण त्याच्या दहाव्या हिश्शाएवढ्या दहा लाख कणांइतका 'दिसतो'. त्यात बर्फ पाण्यापेक्षा फिका. त्यामुळे बारीक स्फटिकांची दाट गर्दी पडद्यावर किरकोळ वाटते. रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानात १ जून २००९ ला वेग मोजणाऱ्या नळ्या अशाच स्फटिकांनी तुंबल्या. आकडे चुकले, वैमानिक गोंधळले, २२८ जीव गेले.

मग संशोधकांनी रडारच ढगात नेलं. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विनहून आणि २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कायेनहून फ्रेंच फाल्कन विमान उडालं. त्यावर जेमतेम तीन मिलिमीटर तरंगलांबीचं रडार होतं आणि एका घनमीटरात किती ग्रॅम बर्फ आहे ते थेट मोजणारी उपकरणं. उपकरणांना विमानाच्या वाटेवरचंच कळतं, रडारला वरखालचा अख्खा काप दिसतो. दोन्ही जुळवून हिशेब मांडायचा.

आपल्याकडे पुण्याच्या आयआयटीएमनं २००९ पासून 'कायपीक्स' मोहिमेत विमानं ढगांत नेली, पुढे सोलापूर भागातही. काम मोलाचं. पण दुष्काळ पडला की आपली चर्चा थेट कृत्रिम पावसावर! सिल्व्हर आयोडाइड चालतं ते शून्याखालीही न गोठलेल्या पाण्यावर; ते आधीच गोठलं असेल तर फवारून काय उपयोग? म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. दुष्काळाची वाट न बघता दर पावसाळ्यात मराठवाड्यावर रडार बसवलेलं विमान उडावं आणि त्याचे आकडे नांदेड-लातूरच्या कॉलेजांना खुले असावेत. बीएस्सीला शिकता ते रॅले स्कॅटरिंग इथं रोज लागतं. प्रोजेक्टला विषय मिळत नाही म्हणता ना? मग ही मागणी तुम्हीच लावून धरा.