बुद्धधातूंचा भाव कोणी ठरवला?

७ मे २०२५ रोजी हाँगकाँगमध्ये सदबीज ही लिलावसंस्था पिप्रहवाच्या स्तूपातून निघालेली तीनशेहून अधिक रत्ने विकणार होती. अपेक्षित किंमत शंभर कोटी रुपयांच्या वर होती. भारत सरकारने कायदेशीर नोटीस बजावली, देशोदेशीच्या बौद्धांनी निषेध केला आणि लिलाव पुढे ढकलला गेला. ३० जुलैला सरकारने जाहीर केले की रत्ने मायदेशी परतली. आनंद आम्हालाही झाला. पण त्या आनंदात एक प्रश्न विचारायचा राहून गेला. ही रत्ने परत मिळाली, की विकत आणली गेली?

आधी इतिहास पाहू. जानेवारी १८९८ मध्ये नेपाळ सीमेजवळच्या पिप्रहवा येथे विल्यम क्लॅक्स्टन पेप्पे या इंग्रज जमीनदाराने आपल्या इस्टेटीतला स्तूप खणला. आत मोठी दगडी पेटी, तिच्यात करंडक, अस्थी आणि अठराशेच्या आसपास रत्ने सापडली. एका करंडकावरच्या ब्राह्मी लेखात शाक्यांचा आणि भगवान बुद्धांच्या धातूंचा उल्लेख आहे. ब्रिटिश सरकारने वाटणी केली. अस्थी सयामच्या राजाला भेट गेल्या. बहुतेक रत्ने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेली. सुमारे पाचवा हिस्सा 'डुप्लिकेट' ठरवून पेप्पेकडे राहू दिला. तोच हिस्सा त्याच्या वारसांकडून हाँगकाँगला पोचला.

'डुप्लिकेट' हा शब्द नीट वाचा. श्रद्धेने अस्थींसोबत अर्पण केलेले दान अस्थींपासून वेगळे काढता येत नाही, ही बौद्धांची धारणा. सरकारी यादीत मात्र अस्थी 'धार्मिक' झाल्या आणि रत्ने नुसते जवाहीर. ही फारकत झाली तेव्हाच बाजाराचा रस्ता मोकळा झाला. मार्च २०२५ मध्ये हुसेन यांचे 'ग्रामयात्रा' हे चित्र न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले. त्याबद्दल आमची तक्रार नाही, चित्र विकण्याचा हक्क चित्रकाराला असतोच. शाक्यांनी मात्र ही रत्ने विकायला ठेवली नव्हती, मातीखाली अर्पण केली होती. दानाचा माल झाला कधी, आणि कोणाच्या संमतीने?

आता 'घरवापसी'कडे वळू. रत्ने गोदरेज उद्योगसमूहाने विकत घेतली. त्यातला मोठा भाग पाच वर्षांसाठी राष्ट्रीय संग्रहालयाला प्रदर्शनापुरता दिला जाईल, असे जाहीर झाले. किती रकमेला सौदा झाला ते जाहीर झाले नाही. म्हणजे सरकारने नोटिशीत ज्या विक्रीला आक्षेप घेतला, ती विक्री अखेर झालीच. फक्त गिऱ्हाईक देशी निघाले. एका खासगी मालकाकडून दुसऱ्या खासगी मालकाकडे गेलेल्या वस्तूला राष्ट्राचा वारसा म्हणायचे असेल, तर पाच वर्षांनंतर काय, याचे उत्तर आजच लेखी मिळाले पाहिजे.

वेगळा मार्ग नव्हता असे कोणी म्हणू नये. सारिपुत्त आणि मोग्गलान यांच्या अस्थी १८५१ मध्ये इंग्रजांनी सांची परिसरातून काढून लंडनला नेल्या होत्या. त्या लिलावाशिवाय परत आल्या आणि १९५२ मध्ये सांचीच्या विहारात पूजेसाठी प्रतिष्ठापित झाल्या. बाबासाहेब लंडनमध्ये ज्या घरात राहिले ते २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने सार्वजनिक पैशातून घेतले, म्हणून ते आज सर्वांचे आहे.

आपल्यातलेच काही मित्र विचारतील : बाबासाहेबांचा धम्म विवेकाचा, मग हाडे-हिऱ्यांसाठी एवढा आटापिटा कशाला? प्रश्न रास्त आहे. चमत्कारासाठी आम्हाला धातू नकोत. पण बुद्ध हा अवतार नव्हता, हाडामांसाचा माणूस होता, याची साक्ष पिप्रहवाच्या मातीने दिली आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अस्थींवरून पेटलेला वाद सांगितला आहे. द्रोणाने आठ वाटे केले आणि युद्ध टळले. वाटणी झाली, बोली लागली नाही.

महाबोधी विहाराचे व्यवस्थापन १९४९ च्या कायद्याने केवळ बौद्धांच्या हाती नाही, म्हणून बोधगयेत आंदोलन करावे लागते. पिप्रहवाचा प्रश्न त्याच पंक्तीतला आहे. वारसा बौद्धांचा, निर्णय इतरांचा आणि बौद्धांनी फक्त टाळ्या वाजवायच्या!

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. सौद्याच्या सगळ्या अटी जाहीर करा. रत्नांची मालकी कायमची सार्वजनिक करा. कलकत्त्याच्या संग्रहासह त्यांच्या मांडणीचे आणि पूजेचे निर्णय घेणाऱ्या समितीत भिक्खुसंघ, उपासक आणि बौद्ध अभ्यासक घ्या. धातू आणि त्यांसोबतचे दान यांच्या विक्रीवर बंदी घालणारा स्पष्ट कायदा करा.

आणि तरुणांनो, थोडे काम आपलेही आहे. १८८२ मध्ये नालासोपाऱ्याच्या स्तूपातून भगवानलाल इंद्रजी यांनी काढलेले करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे? गावाजवळच्या लेण्यांची, शिल्पांची, शिलालेखांची छायाचित्रांसह नोंद करा. पुरातत्त्व, संग्रहालयशास्त्र, पाली शिका. माहितीचा अधिकार वापरा. ज्या समाजाकडे आपल्या वारशाची यादी नसते, त्याच्या वारशाची यादी लिलाववाले छापतात.

जय भीम! नमो बुद्धाय!