फाळका किरकोळ नाही! कुंभारीच्या समस्त गाडीवाल्यांना जाहीर आवाहन

पिकअप, टेम्पो, छोटा हत्ती चालवणाऱ्या माझ्या बंधूंनो,

मंगळवारी पहाटे कांदा भरून मी यार्डाकडं निघालो होतो. अक्कलकोट रोडवर मागचं चाक खड्ड्यात आदळलं, खटका निसटला आणि मागचा फाळका धाडकन खाली आला. तीन पोती रस्त्यावर. एकेक पोतं पन्नास किलोचं. मागून मोटारसायकलवर नवरा-बायको येत होते, बाईच्या मांडीवर लेकरू. गड्यानं गाडी साइडपट्टीवर घातली म्हणून तिघं वाचले. थरथरत एवढंच म्हणाला, "दादा, फाळका तरी नीट लावत जावा." काय उत्तर देणार त्याला? हाच खटका दाखवायला मी शोरूमला तीनदा जाऊन आलोय!

तिन्ही वेळा तिथं एकच ऐकलं: "किरकोळ आहे, सुतळीनं बांधा." गाडी वॉरंटीत, हौदा कंपनीचाच. पिन खाचेत पुरती बसत नाही, करंगळीच्या पेराएवढी बाहेर राहते. माल मागं रेलला की फाळका फुगतो आणि आदळआपट झाली की पिन सुटते. खटका सरळ करून पिन बदलायची, अर्ध्या तासाचं काम. आणि जॉब कार्डावर काय लिहिलं? धुलाई आणि ऑइल. फाळक्याचा एक शब्द नाही! उद्या कुणाचा जीव गेला, तर गुन्हा चालकावर, आणि आपण तक्रार केली होती याला पुरावा शून्य.

यार्डात विषय काढला तर ज्याच्या त्याच्या तोंडी हेच. एकाचे टोमॅटोचे क्रेट पडले. एकाच्या हमालाची बोटं फाळक्यात चेंगरली. एक जण दोन महिने तारेनं बांधून फिरतोय. लेखी तक्रार किती जणांची? एकाचीही नाही. राग शोरूमवर आहेच, पण थोडा आपल्यावरही यायला पाहिजे.

अरे, आपण कुठल्या गावचे? विड्या वळणाऱ्या आयाबहिणींनी मोर्चे काढून, उन्हातान्हात बसून याच कुंभारीत गोदूताई परुळेकर वसाहतीची १० हजार घरं उभी करून घेतली. इथल्याच रे नगरची योजना ३० हजार घरांची. त्यातल्या १५ हजारांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी झालं. ज्या गावच्या बाया घरं मिळवतात, त्या गावच्या गड्यांना एक पिन बदलून घेता येत नाही? लाज वाटायला पाहिजे.

काही जण म्हणतात, गाडी धंद्याची, ग्राहक कायदा आपल्याला लागू नाही. साफ चूक! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे की स्वयंरोजगार करून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर घेणारा ग्राहकच. स्वतः चालवायला ट्रक घेणारा ग्राहक ठरतो, मदतीला एक-दोन माणसं ठेवली तरीही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच सांगून ठेवलंय. दुसरे म्हणतात, वेल्डिंगवाला चुटकीसरशी करून देईल. देईल की! आणि मग कंपनी म्हणेल, तुम्ही बाहेर हात लावलात, आता वॉरंटी नाही. राहिले ते "शोरूमशी वाकडं कशाला" म्हणणारे. त्यांनी त्या मोटारसायकलवाल्यासमोर उभं राहून हे म्हणून दाखवावं.

एकट्याची तक्रार किरकोळ म्हणून झटकता येते. एकाच मॉडेलच्या एकाच दोषाच्या पंधरा-वीस लेखी तक्रारी झटकता येत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०अ नुसार, दोषामुळं लोकांना धोका असेल तर कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकतं. पण तोंडी तक्रार मोजणार कोण?

तेव्हा लगेच कामाला लागा:

१. फाळका बंद करून खटक्याचा जवळून फोटो काढा. हलवून व्हिडिओ घ्या, किलोमीटरचा काटा दिसू द्या.
२. शोरूमला गेलात की जॉब कार्डावर "मागच्या फाळक्याचा खटका बसत नाही, माल पडण्याचा धोका" हेच शब्द लिहून घ्या. लिहीत नसतील तर सही करू नका.
३. "वॉरंटीत बसत नाही" म्हणाले तर कारण लेखी मागा.
४. सात दिवसांत काम झालं नाही तर १९१५ वर फोन करा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. तक्रार क्रमांक जपून ठेवा.
५. तरीही दाद नाही, तर सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. वकील लागतोच असं नाही. गाडीची किंमत ५ ते १० लाख असेल तर फी २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००. मुदत दोन वर्षांची, पण तेवढी वाट बघत बसू नका.
६. काम होईपर्यंत दोन्ही टोकांना साखळी लावल्याशिवाय माल भरू नका. हा उपाय नव्हे, दुसऱ्याच्या जिवाची काळजी आहे.

हौदा बाहेर बांधून घेतला असेल त्यांनी बांधणाऱ्याची पावती शोधून ठेवावी. त्यांची तक्रार त्याच्याकडं जाईल.

कांद्याचा हंगाम तोंडावर आहे. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा, रोडवर माणसांची रीघ. त्याआधी प्रत्येक फाळका नीट झालाच पाहिजे. कुणाची गाडी बंद पडली की रात्री-अपरात्री दोर घेऊन धावणारी आपली मंडळी आहे. टायरला वर्गणी काढतो, अपघातात दवाखान्यात बसून राहतो. तीच एकी इथं दिसू द्या.

रविवारी सकाळी आठ वाजता चावडीसमोर जमायचं. येताना आरसी, बिल आणि फाळक्याची तक्रार लिहिलेलं जॉब कार्ड आणा. सगळी कागदं एकत्र लावून एकच अर्ज करायचा आहे. ज्याच्याकडं कागद नाही त्यानं आधी शोरूम गाठावं, लिहून घ्यावं आणि मगच यावं. तोंडी गाऱ्हाणी आता कुणी ऐकणार नाही, आम्हीसुद्धा नाही.

आपला,
कुंभारीचा एक पिकअपचालक, समस्त गाडीवाल्या मंडळींच्या वतीने