वृद्धाश्रमातल्या आईला भेटायला जाताना

आईला वृद्धाश्रमात ठेवलं म्हणून मान खाली घालून बोलणारी मुलं माझ्याकडे नेहमी येतात. त्या अपराधीपणाचा आईला काडीचा उपयोग नाही. उपयोग तुमच्या नजरेचा आहे. नीट बोलणारी आई दोन दिवसांत असंबद्ध बोलू लागली, दिवसा गुंगीत राहू लागली, तर नवी सेविका 'वय झालं' म्हणेल. एरवी आई कशी असते हे तुम्हालाच ठाऊक. लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम घटणं, नवी झोपेची गोळी, अगदी बद्धकोष्ठतासुद्धा यामागे असू शकते, आणि यांवर उपचार आहेत. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, गोळ्यांची यादी सोबत ठेवा. आई अंथरुणाला खिळलेली असेल तर टाचा आणि माकडहाड स्वतः पाहा. बोटाने दाबूनही न जाणारी लाली म्हणजे जखमेची सुरुवात. पेढे नंतर. (मधुमेह असेल तर तेही बेतानेच.)