गाणार कोण? आधी ते सांगा, मग तिकिटाचे पैसे मागा!

छत्रपती संभाजीनगरातल्या संगीत नाटकाच्या प्रेक्षकांसाठी. निर्मात्यांनी वाचलं तर त्यांच्यासाठीही



पत्रक घेतलंत, आभार. भेळेखाली धरायला घेतलं असेल तरी हरकत नाही, फक्त पहिली घंटा होईपर्यंत वाचून घ्या. छपाई माझ्या खिशातून झाली आहे. मागे संस्था नाही, पक्ष नाही, आणि मला कुठल्या परिषदेच्या निवडणुकीलाही उभं राहायचं नाही. मी वाळूजला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. तीस वर्षं झाली, पहिली पाळी सुटली की अंघोळ करून नाटकाला, हा माझा क्रम. उस्मानपुऱ्याचं संत एकनाथ, सिडकोतलं संत तुकाराम, निराला बाजारचं तापडिया. तिन्ही ठिकाणी कुठे बसलं की तबला गळ्यावर चढत नाही, ते मला पाठ आहे. एवढ्या भांडवलावर बोलतो आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. नाटकाचं, मंडळीचं आणि नाट्यगृहाचं नाव लिहीत नाही, कारण भांडण एकाशी नाही, पडून गेलेल्या वहिवाटीशी आहे. जाहिरातीत नायकाचा वीतभर फोटो. चेहरा घरोघरी माहीत, रोज रात्री जेवणाच्या वेळी दिसणारा. तिकीट चारशे रुपये. नांदी झाली, बरी झाली, कारण ती खरोखर सगळे मिळून गात होते. मग नायकाचं पहिलं पद. आवाज काय विचारता! मोकळा, तयार, वरच्या षड्जाला लीलया जाऊन येणारा. मी पुढे सरकून बसलो. दुसऱ्या अंतऱ्याला त्याचा पाय नायिकेच्या पदरात अडकला. तोल गेला, एक हात जमिनीला टेकला, तोंड मिटलं.

तान चालूच.

मिटल्या ओठांचा माणूस गुडघ्यावर, आणि वरून तान खाली उतरतेय, समेवर येतेय. डाव्या विंगेपाशी ऑर्गन मांडला होता, फुलांची माळ वगैरे घालून. त्यामागचे गृहस्थ त्या क्षणी दोन्ही हातांनी चष्मा पुसत होते! माझ्या शेजारी खुलताबादहून नातवाबरोबर आलेल्या आजी होत्या. त्या हसल्या नाहीत. नातवाला एवढंच म्हणाल्या, "का रे, टेप लावलीय का?"

माझी तक्रार आजींच्या प्रश्नाच्या पुढे जात नाही. टेप लावायची असेल तर लावा, पण ती जाहिरातीत लावा. 'संगीत' हा शब्द नाटकाच्या नावाआधी छापायचा, त्या शब्दाचे पैसे घ्यायचे, आणि गाणं पेन ड्राइव्हमधून काढायचं, ही फसवणूक आहे. दुसरा सौम्य शब्द मला सापडला नाही.

ह्याचं मूळ पात्रयोजनेत आहे. नाटक निवडलं की आधी चेहरा ठरतो. त्या चेहऱ्याच्या तारखा मिळतात, मग कोणाला तरी आठवतं की ह्यात पदं आहेत. गाता येत नाही? ट्रॅक करून घेऊ. उलटा कारभार आहे हा. संगीत नाटकात भूमिका गळ्याला मिळायची, चेहरा गळ्याच्या मागून यायचा. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' उभं केलं, दोन वर्षांनी 'सौभद्र' आणलं. सुभद्रा कोण? भाऊराव कोल्हटकर. पुरुषाने सुभद्रा केली आणि महाराष्ट्र वेडा झाला, तो रूपासाठी म्हणता? रूप होतंच, पण लोक परत परत आले ते गळ्यासाठी. बालगंधर्वांनी वय उतरल्यावर, शरीर सुटल्यावरही शालू नेसला, आणि लोकांनी डोळे मिटून 'मानापमान'ची ती नायिका, भामिनी, मान्य केली. डोळे मिटून! आज आपल्याला कान मिटून नायक मान्य करायला सांगतात.

नटसंचाचीच बातमी होणं म्हणतात ना, त्याचा नमुना 8 जुलै 1921 ला मुंबईत घडला. टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'. गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले नायक धैर्यधर. एकमेकांशी चुरस असलेल्या दोन मंडळ्यांचे दोन मालक एका रंगमंचावर. लोक कशाला धावले? एक गळा दुसऱ्या गळ्याला काय उत्तर देतो ते ऐकायला. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले. त्या रात्री धैर्यधर नुसते ओठ हलवत उभा असता, तर शंभर वर्षांनी वाळूजच्या एका सुपरवायझरने त्याची तारीख लक्षात ठेवली असती का?

आणि साथीला कोण माणसं! गंधर्व मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष. जाहिरातीच्या कोपऱ्यातसुद्धा आज साथीदाराचं नाव नसतं. चष्मा पुसणाऱ्या त्या ऑर्गनवाल्यांचं नाव मला अजून कळलेलं नाही. त्यांचा दोष तरी काय? त्यांना वाजवू दिलं नाही, माळ घालून बसवलं.

सिनेमाचा दाखला देणाऱ्यांना आधीच सांगतो, सिनेमाशी माझा वाद नाही. 2011 च्या 'बालगंधर्व'मध्ये सुबोध भावे दिसले आणि आनंद भाटे गायले. 2015 च्या 'कट्यार काळजात घुसली'मध्ये खाँसाहेब सचिन पिळगावकर, गळा राहुल देशपांडेंचा. सदाशिव पुन्हा सुबोध भावे, गळा महेश काळेंचा. पडद्यावर ते चालतं, शोभतंही. श्रेयनामावलीत गाणाऱ्याचं नाव असतं, भाटे आणि काळे दोघांनाही त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. म्हणजे सिनेमावाला प्रामाणिक, आणि नाटकवाला लपवणारा! अर्थात चेहऱ्याचा सोस सिनेमालाही बाधतो. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 1956 पासून 'माय फेअर लेडी'त ज्युली अँड्र्यूज स्वतः गात होती. 1964 ला सिनेमा निघाला तेव्हा तिचा चेहरा पुरेसा ओळखीचा नाही म्हणून ऑड्री हेपबर्नला घेतलं, आणि बहुतेक गाणी मार्नी निक्सन नावाच्या तिसऱ्याच बाईकडून गाऊन घेतली. पुढे ऑस्करच्या वेळी हेपबर्नला साधं नामांकन नाही, आणि त्या वर्षीचं ऑस्कर दुसऱ्या सिनेमासाठी ज्युलीच्या हातात. मला ही गोष्ट फार आवडते. कंटाळा येईपर्यंत सांगतो, घरचे उठून जातात.

रंगमंच मात्र वेगळा. 24 डिसेंबर 1967 ला 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर आलं. दारव्हेकरांचं नाटक, अभिषेकीबुवांचं संगीत, पणशीकरांची 'नाट्यसंपदा' संस्था. खाँसाहेब कोणाला दिला? वसंतराव देशपांड्यांना. मूर्तिजापुरात जन्मलेला, लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षं कारकुनी केलेला माणूस. देखणा नट हवा असता तर रांग लागली असती. पण त्या खाँसाहेबाला कालच्या प्रयोगात घेतलेली जागा आज वेगळी घ्यायची होती, आणि ते ट्रॅकला जमत नाही. ट्रॅक थकत नाही, त्याला पाणी लागत नाही, तो चुकत नाही. म्हणूनच त्याला वन्समोअर द्यायचा झाला तर कोणाला द्यायचा? बटण दाबणाऱ्याला?

आता व्यवस्थापक मंडळींचं म्हणणं. मी बुकिंगच्या खिडकीशी उभं राहून ते ऐकलेलं आहे. "चेहरा नसेल तर मराठवाड्यात बुकिंग होत नाही. शिवाय पुण्याहून सव्वादोनशे किलोमीटर वादक आणायचे, त्यांचं जेवणखाण, मुक्काम, परवडत नाही."

खर्चाचं म्हणणं मी उडवून लावत नाही. बस, डिझेल, भाडं, नेपथ्याचा टेम्पो, ह्याचा हिशेब मलाही कळतो. पण वादक पुण्याहूनच का? ह्या शहरात पंडित नाथराव नेरळकरांनी पिढ्यांना संगीत शिकवलं. हार्मोनियम आणि तबला घेऊन दोन तालमींत उभी राहतील अशी माणसं गल्लीगल्लीत आहेत. दहा वाद्यांचा ट्रॅक नको, दोन खरी वाद्यं द्या. आणि चेहरा हवाच असेल तर त्यालाही जागा आहे की! 'संशयकल्लोळ' बघा. राहुल देशपांडे आणि प्रशांत दामले ते घेऊन आले तेव्हा अश्विनशेठ देशपांडे आणि फाल्गुनराव दामले. गाणाऱ्याला गाण्याची भूमिका, हशा पिकवणाऱ्याला हशाची. 'मानापमान'मध्ये लक्ष्मीधर आहे, 'कट्यार'मध्ये कविराज आहे. लोकप्रिय नटाने तिथे बाजी मारावी, मी टाळ्यांना पहिला. धैर्यधर मात्र गाणाऱ्याचाच.

राहिला बुकिंगचा मुद्दा. 'संगीत देवबाभळी' 2017 ला आलं. प्राजक्त देशमुखांचं नाटक, दोनच पात्रं, शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी. तोवर जाहिरातीच्या फोटोवर गर्दी खेचतील अशा ह्या दोघी नव्हत्या. रंगमंचावर स्वतः गायल्या, आणि पुढची काही वर्षं तिकीट मिळेना. अजून जवळचं सांगू? 2012 चं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला'. जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थच्या राजकुमार तांगडेंनी लिहिलेलं, नंदू माधवांनी बसवलेलं, संभाजी भगतांच्या गाण्यांवर उभं. त्यात गाणारी-नाचणारी पोरं आपल्याच भागातली, शेतातून उठून आलेली. त्यांचे चेहरे कोण ओळखत होतं? त्यांनी मुंबई-पुण्याची थिएटरं भरून दाखवली. त्याला 'संगीत नाटक' म्हणायला काही जाणकार कचरतात. नाट्यपद नाही, राग नाही म्हणे. मी म्हणतो, रंगमंचावर माणूस उभा राहून स्वतःच्या छातीतून गातोय आणि त्या गाण्याने गोष्ट पुढे जातेय. अजून काय पाहिजे?

मराठवाड्याला संगीत नाटकाचा कान नाही, हे ऐकलं की मात्र माझं डोकं फिरतं. इथून पंधरा किलोमीटरवर देवगिरी आहे. यादव राजा सिंघणाच्या पदरी बसून तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. गाणं, वाजवणं आणि नाचणं मिळून संगीत होतं, असं त्याने मांडलं. शेवटचा अध्याय नर्तनाला दिला. पैठणला संत एकनाथ झाले. त्यांच्या भारुडात कधी जोशी येतो, कधी वासुदेव, कधी गोंधळी. त्या वासुदेवाचा गळा एकाचा आणि सोंग दुसऱ्याचं, असं करून बघा बरं. गावची पोरं दगड मारतील. त्याच नाथांचं नाव आपण रंगमंदिराला दिलं आहे.

आमच्या हडकोतल्या गल्लीत एक पोरगा आहे. हरिपाठाला बसला की पलीकडच्या इमारतीतले लोक टीव्हीचा आवाज कमी करतात. तो मागे पुण्याला एका संगीत नाटकाच्या निवडीसाठी गेला होता. कुठे, ते सांगत नाही. गाणं ऐकून म्हणाले, गळा सुरेख आहे, पण बोलताना मराठवाडी हेल येतो, आणि लोक ओळखत नाहीत तुला. मागच्या रांगेत उभा राहशील का, नांदीला? पोरगा परत आला. आता एका मोबाइलच्या दुकानात बसतो. हेल काय, महिनाभराच्या तालमीत जातो. गळा महिनाभरात येतो का? वसंतराव वऱ्हाडचे, 'कट्यार'मधली झरीना करणाऱ्या फैयाज सोलापूरच्या, केशवराव कोल्हापूरचे. ह्यांनाही मागच्या रांगेत उभं केलं असतं तर आज आपण कोणाची नावं घेतली असती?

इथल्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. चंद्रकांत कुलकर्णी आणि प्रशांत दळवींची 'जिगीषा' ही नाट्यसंस्था ह्याच शहरात उभी राहिली. म्हणजे नट इथे तयार होतात हे सिद्ध झालेलं आहे. गायक नटांची निवड घ्यायला एखाद्या निर्मात्याने एक रविवार इथे घालवावा. जागा मी शोधून देतो, चहा माझा.

तोवर आपण प्रेक्षकांनी करायचं ते साधं आहे. खिडकीशी गेलात की पैसे पुढे करण्याआधी विचारा, गाणार कोण? नट स्वतः गाणार की ट्रॅक? हेही विचारा, की जाहिरातीतला नट आज खरंच येणार आहे की बदली आहे. ब्रॉडवेवर मुख्य नट आजारी पडला तर कार्यक्रमपत्रिकेत चिठ्ठी घालतात, आज ही भूमिका अमुक करेल म्हणून. आपल्याकडे पडदा उघडल्यावर कळतं. बदली नटाचा मला राग नाही, कित्येकदा तोच जास्त जीव तोडून गातो. राग न सांगण्याचा आहे. निर्मात्यांनी जाहिरातीत एक ओळ टाकावी: 'पदे रंगमंचावर प्रत्यक्ष' किंवा 'पदे ध्वनिमुद्रित'. खाली साथीदारांची नावं. शहराचं नाव बदललं तेव्हा जाहिरातीत ते चार दिवसांत बदलून टाकलंत ना, मग ही ओळ किती जड आहे?

खिडकीवरचा मुलगा पहिल्यांदा म्हणेल, मला माहीत नाही काका. त्याच्यावर चिडू नका, तो नोकर माणूस आहे. विचारून ये म्हणा, मी थांबतो. मागे रांग वाढू द्या. मागच्याला हे पत्रक द्या, वाचत उभा राहील.

पुढच्या संगीत नाटकाच्या प्रयोगाला मी दाराच्या डाव्या अंगाला, चहाच्या गाड्यापाशी असेन. वाद घालायचा असेल तर या. पण तिसऱ्या घंटेआधी सोडा, मला नांदी चुकवायची नाही.

आपला,
तिसऱ्या रांगेतला एक प्रेक्षक
छत्रपती संभाजीनगर