रत्नागिरीहून परतण्याविषयी

दक्षिण कोकणात आणि घाटावर कोल्हापूरच्या बाजूला 'याला आता रत्नागिरीला पाठवा' असे कोणी म्हणाले, तर ते वाक्य हापूसविषयी किंवा थिबा राजवाड्याविषयी नाही, हे पोरासोरांनाही कळते. ठाणे आणि येरवडा यांच्या नावांना जो अर्थ चिकटला, तोच या गावाच्या नावालाही चिकटला. या वाक्प्रयोगाची एक खोड मात्र आमच्या फार उशिरा लक्षात आली. त्यात फक्त पाठवणे आहे. 'रत्नागिरीहून आणले', 'रत्नागिरीहून आला' असे वाक्य त्याच अर्थाने कोणी वापरल्याचे आमच्या कानावर आलेले नाही.

हा योगायोग नसावा. इंग्रज सरकारने ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवले. तेथील वेड्यांच्या इस्पितळाची स्थापनाही १८८६ सालचीच. पुढे १९२४ पासून १९३७ पर्यंत सावरकरांना याच जिल्ह्याच्या हद्दीत स्थानबद्ध ठेवले गेले. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री, मध्ये खाड्या, आणि आगगाडी यायला विसाव्या शतकाचे शेवटचे दशक उजाडावे लागले. डोळ्यांआड ठेवायच्या माणसांसाठी याहून सोयीची जागा राज्यकर्त्यांना कुठे मिळणार? थिबा १९१६ साली रत्नागिरीतच वारला. त्याची कबर तिथे आहे. त्याला परत जाऊ न देणारे साम्राज्य होते. इस्पितळातून बरे होऊनही परत न जाणाऱ्यांना मात्र आज कोणतेही साम्राज्य अडवत नाही. कायदा तर उलट त्यांच्या बाजूने आहे. आम्हांला बोलायचे आहे ते नेमके या विसंगतीविषयी.

अपंगांच्या पुनर्वसनाची चर्चा निघाली, की डोळ्यांसमोर चाकाची खुर्ची, कुबड्या, ब्रेलची पुस्तके, उतरते रॅम्प येतात. ते सर्व हवेच; जिल्ह्यातल्या किती सरकारी कचेऱ्यांत ते धडपणे आहे, हा निराळा लेखाचा विषय होईल. परंतु दीर्घ मानसिक आजार हेही कायद्याच्या लेखी अपंगत्व आहे, ही गोष्ट सुशिक्षितांनाही अनेकदा नव्याने सांगावी लागते. १९९५ च्या कायद्यातल्या सात प्रकारांत ते होते. २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांतही आहे. या प्रकारच्या अपंगत्वाची गंमत (हा शब्द आम्ही जड मनाने वापरतो) अशी, की औषध लागू पडले म्हणजे ते दिसेनासे होते आणि तरीही माणसाच्या आयुष्यातून जात नाही. प्रमाणपत्रासाठी 'आयडियाज' नावाची मोजपट्टी लावतात. स्वतःची देखभाल, माणसांशी संबंध, संवाद व समज, आणि काम या चार बाबींत किती अडचण येते ते पाहून, आजाराचा काळ जमेस धरून टक्केवारी काढतात. चाळीस टक्के भरले, तर लाभांचे दार उघडते. महिनोन्‌महिने नेमाने गोळ्या घेऊन तपासणीच्या दिवशी नीटनेटका बसलेला, विचारलेल्या प्रश्नांची सरळ उत्तरे देणारा माणूस या पट्टीवर कमी भरण्याची शक्यता अधिक. म्हणजे बरे राहण्याची शिक्षाच. शिवाय मिळालेल्या चार टक्के सरकारी आरक्षणातला जो एक टक्का या मंडळींकडे येतो, तो स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, अध्ययन-अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्याशी वाटून घ्यायचा आहे. असो.

कायद्याचा प्रवास मात्र दाद देण्याजोगा आहे. १९१२ च्या कायद्याच्या नावातच 'लुनसी' होती. माणूस समाजाला धोका आहे हे गृहीत धरून तो लिहिला गेला होता. १९८७ च्या कायद्याने शब्द सौम्य केले, पण त्याचे लक्ष दाखल करण्यावर आणि कोंडून ठेवण्याच्या अटींवरच अधिक राहिले. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ रोजी अमलात आला आणि त्याच्या १९व्या कलमाने पहिल्यांदा उलट्या दिशेने पाहिले. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही, किंवा समाजात राहण्याची सोय उपलब्ध नाही, एवढ्या कारणासाठी कोणालाही रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, असे ते कलम सांगते. आणि तशी सोय वाजवी मुदतीत उभी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. सोय नाही ही सबबच कायद्याने काढून घेतली, हे लक्षात घ्यावे. त्यानंतर काय झाले? बरे झालेल्यांना भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवण्याचा मार्ग महाराष्ट्रात शोधला गेला. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ताबडतोब बंद करण्यास सांगितले. मुंबई उच्च न्यायालयातही डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेने हाच प्रश्न नेला: वर्षानुवर्षे मनोरुग्णालयात अडकलेल्या, घरी जाण्यास योग्य असलेल्या माणसांचा. राज्याच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी रत्नागिरीचे सर्वांत लहान, खाटा ३६५. लहान असल्यामुळे तिथला प्रश्न लहान, असे कोणी मानू नये.

ते का परतत नाहीत? नातलगांना शिव्या देणे सोपे आहे; आम्हांला ते करायचे नाही. ज्या घराने दोन-तीन वर्षे रात्री जागून काढल्या, विहिरीवर पहारा ठेवला, भगत आणि डॉक्टर दोघांच्याही पायऱ्या झिजवल्या, त्या घराला 'आता हा बरा आहे, घेऊन जा' एवढे पत्र पुरत नाही. गोळ्या संपल्या की काय, हा त्याचा पहिला प्रश्न असतो, आणि तो रास्त असतो. मंडणगडच्या आतल्या वाडीतून रत्नागिरीला औषध आणायला यायचे म्हणजे एसटीत दिवस जातो आणि रोजंदारी बुडते. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला घाट उतरावा लागतो. शिवाय कोकणातले घर म्हणजे पुष्कळदा गणपतीत आणि शिमग्यात उघडणारे घर. एरवी तिथे म्हातारी आई आणि कुलूप. मुंबईतल्या खोलीत भावाचा संसार पाच माणसांचा आहे, तिथे सहावे अंथरूण कुठे पडायचे? यात सातबाऱ्याची गोष्ट अजून आलेलीच नाही. इस्पितळातल्या भावाचे नाव सातबाऱ्यावर असते, कलमांच्या बागेत त्याचा वाटा असतो, आणि तो बरा होऊन सही करण्याजोगा झाला, ही बातमी प्रत्येकाला आनंदाचीच वाटेल असे नाही. भाऊबंदकीवर मराठीत शेकडो पाने लिहिली गेली; तिच्या या कोपऱ्याकडे कथाकारांनी फारसे पाहिलेले दिसत नाही.

बायकांचे तर दोन्ही दरवाजे बंद होतात. नवऱ्याने तोवर दुसरा संसार मांडलेला असतो. सासर म्हणते, आजार माहेरचा. माहेर म्हणते, दिली ती दिली. धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे असेल, तर हिचे नावसुद्धा घरात काढले जात नाही. माहेरच्या वाटेवर ओव्यांमधून एवढे हळवे झालेल्या भाषेत, त्या वाटेवरून परत पाठवल्या गेलेल्या बाईसाठी ओवी नाही.

आता थोडे आमच्याविषयी, म्हणजे साहित्य शिकवणाऱ्यांविषयी. जयवंत दळवींचे 'बॅरिस्टर' आम्ही वर्गात कितीदा शिकवले असेल. दळवी आरवलीचे, त्या काळी आरवली रत्नागिरी जिल्ह्यातच होती. घराण्यातल्या वेडाची सावली जन्मभर अंगावर बाळगणारा तो सुधारक, उमदा माणूस अखेर त्याच सावलीत शिरतो आणि पडदा पडतो. आम्ही फळ्यावर लिहितो: आनुवंशिकता, नियती, सरंजामी घराचा अंत. मुले उतरवून घेतात. पडदा पडल्यानंतर बॅरिस्टरला कुठे नेले, त्याला औषध कोणी दिले, तो सहा महिन्यांनी सावरला असता तर त्या वाड्याने त्याला आत घेतले असते का, हे आम्ही कधी विचारले नाही. दळवींवर हा आरोप नव्हे. नाटक जिथे संपायला हवे तिथेच संपते, आणि दळवींइतक्या करुणेने वेडाकडे पाहणारे लेखक आपल्याकडे थोडेच. तक्रार आमच्या वाचनाविषयी आहे. वेड हे आम्हांला नेहमी कशाचे तरी प्रतीक म्हणून लागते. गडकऱ्यांच्या 'वेड्यांचा बाजार'मध्ये ते हसवण्यासाठी, आगरकरांनी 'विकारविलसित' या नावाने मराठीत आणलेल्या हॅम्लेटमध्ये ते पांघरण्यासाठी, संतांच्या परंपरेत तर ते साक्षात मोक्षाचे लक्षण. सकाळी आठ वाजता गोळी घेऊन नऊची एसटी पकडणारे, जिभेला कोरड पडलेले, हात किंचित थरथरणारे, पण कामावर वेळेत पोचणारे वेड आम्हांला वाङ्मयीन वाटत नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) आम्हांला या बाबतीत मराठी गद्यापेक्षा पुढे गेलेला वाटतो. त्यात कोकण आहे, स्किझोफ्रेनिया झालेला भाऊ आहे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याला सांभाळताना हेलकावे खाणारी बहीण आणि तिचे घर आहे. आजाराचे निदान हा तिथे शेवट नाही. असे पडद्यावर घडू शकते, तर कादंबरीत का घडू नये, हे आम्हांला उमगलेले नाही.

शब्दांचेही पाहा. कुष्ठरोगातून बरा झालेला तो 'कुष्ठरोगमुक्त'. १९९५ च्या कायद्यात त्याचा स्वतंत्र प्रकारच होता. क्षयातून उठलेला 'क्षयमुक्त'. मनाच्या आजारातून सावरलेल्याला मराठीत शब्द नाही. तो आधी मनोरुग्ण असतो आणि नंतरही मनोरुग्णच राहतो, फार तर 'बरा झालेला मनोरुग्ण'. अलीकडचा 'दिव्यांग' हा शब्द तर त्याला लागतच नाही. त्याचे कोणतेच अंग दिव्य वा अदिव्य नाही. राज्याने २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग उभारला, हे चांगलेच झाले. त्या विभागाच्या पाटीखाली आपण येतो हे या माणसांना कोणी सांगितले आहे का, ही शंका उरते. याउलट 'पुनर्वसन' हा शब्द या माणसांना अक्षरशः लागतो. वसन म्हणजे राहणे. कोशात त्याचा दुसरा अर्थ वस्त्र असाही आहे. सरकारने आजवर दुसरा अर्थ प्रामाणिकपणे पाळला: अन्न दिले, कपडे दिले. पहिला राहिला.

तो कसा पुरा करता येईल, याची उदाहरणे फार लांब नाहीत. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रातून डॉ. भरत वाटवानी आणि त्यांचे सहकारी रस्त्यावर भटकणाऱ्या आजारी माणसांवर उपचार करून त्यांना देशाच्या कानाकोपऱ्यातल्या घरांपर्यंत पोचवत आले आहेत. २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार वाटवानींना त्यासाठीच मिळाला. ज्यांना घरच उरले नाही त्यांच्यासाठी चेन्नईच्या 'द बनियन' या संस्थेने २०१५ पासून 'होम अगेन' नावाचा प्रयोग केला आणि पुढे तो इतर राज्यांतही नेला. कल्पना साधी आहे. नेहमीच्या वस्तीत भाड्याचे घर घ्यायचे, चार-पाच जणांनी एकत्र राहायचे, बाजारहाट आणि स्वयंपाक आपला आपण करायचा, लागेल तेवढी मदत करणारी एक-दोन माणसे सोबत ठेवायची. फाटकावर पाटी नाही. पहारेकरी नाही.

म्हणून आम्हांला रत्नागिरीत आणखी एक मोठी इमारत नको आहे. रुग्णालयाच्याच आवारात 'पुनर्वसन विभाग' बांधला, तर तो १८८६ चाच विस्तार ठरेल. घरे आवाराबाहेर हवीत: चिपळुणात, राजापुरात, कणकवलीत, कोल्हापुरात, म्हणजे ज्याची त्याची बोली जिथे बोलली जाते तिथे. मालवणी बोलणाऱ्या बाईला पुनर्वसनाच्या नावाखाली तिसऱ्याच मुलखात नेऊन ठेवणे हा दुसरा वनवास होय. औषध तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, महिन्याच्या ठरल्या तारखेला, चुकता कामा नये. त्या एका गोष्टीवर बाकी सारे उभे आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम कागदावर याचसाठी आहे. कामाचे म्हणाल, तर काजूचे कारखाने आहेत, आंब्याचे कॅनिंग आहे, रोपवाटिका आहेत. सकाळी गोळीची गुंगी उतरेपर्यंत तासभर उशिरा येण्याची मुभा आणि इतरांइतकीच मजुरी, एवढ्या दोन अटींवर तिथे पुष्कळांना सामावता येईल. मजुरीची अट आम्ही मुद्दाम घालतो. 'उपचार' म्हणून फुकट राबवून घेण्याचा मोह चांगल्या माणसांनाही होतो.

शेजारी तक्रार करतील. नक्कीच करतील, आणि त्यांत आमच्यासारखे प्राध्यापक, लेखक असतील. भाड्याने घर मागायला कोणी आले, तर आमच्यापैकी किती जण देतील, हा प्रश्न लिहिण्यापूर्वी आम्ही एकमेकांना विचारला. उत्तरे येथे देण्याजोगी नव्हती.

पुढच्या सत्रात 'बॅरिस्टर' लागेल तेव्हा दोन तास जास्तीचे घ्यायचे आम्ही ठरवले आहे. एकात 'देवराई' दाखवू. दुसऱ्यात, कोणी स्वखुशीने यायला तयार झाले तर, मनोरुग्णालयातून घरी परतलेल्या एखाद्या व्यक्तीला बोलावू. इतर पाहुण्यांना देतो तेच मानधन आणि येण्याजाण्याचे भाडे देऊन. काय बोलायचे ते त्यांनी ठरवावे. आजाराविषयी बोलायचे नसेल, तर नाटकाविषयी बोलावे.