आमची आवडती पात्रे

बोलपटांतील आवडते पात्र कोणते, असे विचारताच आमचे बहुतेक सोबती तलवारबहाद्दरांची नावे घेतात. आमची आवड निराळी आहे. १९४१ साली प्रभात कंपनीने काढिलेल्या ‘शेजारी’ या बोलपटांतील मिर्झा आणि पाटील हे दोन म्हातारे आम्हांस अधिक प्रिय वाटतात. चांदवडच्या एखाद्या पारावरही भेटावेत, इतके ते साधे! बुद्धिबळांत रमणारे हे जिवलग धरण बांधणाऱ्या धनिकाच्या कारस्थानाने दुरावतात, आणि ते धरण फुटताना एकत्रच मरण पावतात. हिंदी आवृत्तीत तर दिग्दर्शक शांतारामांनी हिंदूची भूमिका मझहर खान यांस व मिर्झाची गजानन जागीरदार यांस दिली होती. सिनेमा मुलांस बिघडवितो, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांची हा बोलपट पाहण्यास तरी ना का असावी?